बॅकअप आहे, पण गल्ल्यात! पूर, आग आणि दुकानाचा डेटा

सप्टेंबर २०२५ चा शेवटचा आठवडा. जायकवाडीतून पाणी सोडलेलं, गोदावरी दुथडी भरून वाहत होती. गंगाखेड तालुक्यात माझ्या मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. रात्री त्यांचा फोन आला.

"अरे, पाणी वाढायलंय. खताची पोती वर रचली. कॉम्प्युटरचं काय करू?"

"मामा, बॅकअप कुठंय?"

"पेन ड्राइव्हवर."

"आणि पेन ड्राइव्ह?"

"गल्ल्यात."

म्हणजे कॉम्प्युटर बुडाला असता तर बॅकअपही सोबतच बुडाला असता. नशिबानं पाणी पायरीपर्यंत येऊन थांबलं.

कोरियातही तेच झालं

त्याच आठवड्यात, २६ सप्टेंबरला, दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना ती भडकली आणि ६०० हून जास्त सरकारी सेवा बंद पडल्या. बऱ्याचशा हळूहळू परत आल्या. पण सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल्स ठेवणारी 'जी-ड्राइव्ह' ही सिस्टिम जळाली. त्यातला ८५८ टेराबाइट डेटा गेला, कारण आकार खूप मोठा म्हणून त्याची बाहेर कुठं कॉपीच ठेवलेली नव्हती.

इंटरनेटच्या वेगासाठी जगभर नावाजलेला हा देश. तरी चूक मामांचीच: सगळं एकाच छपराखाली.

नुकसान नेमकं कशाचं?

कॉम्प्युटर नवा घेता येतो. पण आपल्याकडे जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर जातं आणि सोयाबीन, कापूस विकला की पैसे येतात. सप्टेंबरात उधारी अगदी टोकाला असते. तेव्हाच हिशोब गेला तर कुणाकडे किती बाकी, हे फक्त आठवणीवर राहतं. ज्याचं पीक पाण्यात गेलंय त्याच्याशी आठवणीवर भांडणार का? शिवाय जीएसटी कायद्यानुसार हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात.

३-२-१ चा साधा नियम

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हा नियम आहे. डेटाच्या ३ कॉपी, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी. दुकानासाठी याचा अर्थ: एक कॉपी कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, आणि एक क्लाउडवर. गूगलचं मोफत १५ जीबी छोट्या दुकानाच्या हिशोबाला बहुतेक वेळा पुरतं.

पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक केलेल्या फोल्डरमधली फाइल तुम्ही उडवली की ती क्लाउडवरूनही उडते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. म्हणून रोजची बॅकअप फाइल तारखेच्या नावानं वेगळी ठेवा. आणि हार्ड डिस्क काम झालं की काढून घरी न्या. ती कायम जोडलेली असेल तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइल्सनाही कुलूप लावतं.

अजून एक: ओटीपी येणारा मोबाइलच पाण्यात गेला तर? गूगल अकाउंटचे बॅकअप कोड कागदावर लिहून घरी ठेवा.

खरी परीक्षा

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मामांचा पेन ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला. फाइल उघडली, पण मार्च महिन्याची! खरिपाची अख्खी उधारी त्यात नव्हतीच. पाणी दोन पायऱ्या अजून चढलं असतं, तर त्या पेन ड्राइव्हचा गल्ल्याबाहेर असूनही उपयोग नव्हता.

मोठ्या कंपन्या दोन प्रश्न आधीच ठरवतात: किती दिवसांचं काम गमावणं परवडेल, आणि किती वेळात धंदा परत सुरू झाला पाहिजे? मामांचं उत्तर होतं, एक दिवस आणि दोन दिवस. त्यावरून ठरलं: बॅकअप रोज संध्याकाळी दुकान बंद करताना, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर फाइल उघडून तीन गिऱ्हाइकांची बाकी जुळवायची.

तुमच्या घरी दुकान, स्टुडिओ किंवा ई-सेवा केंद्र असेल तर आज रात्री जेवताना एवढंच विचारा: "बॅकअप कुठंय, आणि शेवटचा उघडून कधी बघितला?"