दाखल्यावाचून अडलेले शिक्षण

शाळेच्या हजेरीपटावर नाव असणे आणि त्या नावाच्या मुलाला शिक्षण मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिक्षकाइतके दुसरे कोणी जाणत नाही. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील येरमाळा हे गाव येडेश्वरीच्या चैत्री यात्रेमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. सोलापूर-धुळे महामार्गावरचे हे गाव काही आडवळणाचे खेडे नव्हे. तरीही अशा गावातील पहिली-दुसरीचे एखादे मूल बोलण्यात मागे असेल, त्याला कमी ऐकू येत असेल, अक्षरे जुळविताना ते सतत अडखळत असेल किंवा वर्गात क्षणभरही स्थिर बसू शकत नसेल, तर त्याच्या आईवडिलांनी कोठे जावे, काय मागावे आणि ते कोणी द्यावे, याचे सरळ उत्तर आजही मिळत नाही. ‘आधी दाखला आणा, मग पाहू’ एवढेच बहुधा त्यांच्या पदरी पडते. या एका वाक्यात किती तथ्य आहे, हे तपासून पाहावयास हवे.

तोटा कायद्यांचा नाही. अपंग मुलांनी शक्यतो सर्वसामान्य शाळेतच शिकावे, हा विचार कोठारी आयोगाने १९६६ मध्येच मांडला होता. १९७४ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी एकात्म शिक्षणाची योजना आणली. १९९५ च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाची हमी दिली. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यात अपंग मुलांचा स्पष्ट समावेश झाला. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना या यादीत स्थान मिळाले, ही मोठीच प्रगती म्हणावयास हवी.

परंतु याच कायद्यातील दोन कलमांची व्यवहारात गल्लत होते, आणि तिची किंमत लहान मुलांना मोजावी लागते. कलम ३१ सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देते. तो चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी आहे. कलम १६ मात्र शासकीय, अनुदानित व मान्यताप्राप्त संस्थांवर जी कर्तव्ये टाकते, त्यांत चाळीस टक्क्यांची अट नाही. भेदभाव न करता प्रवेश देणे, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करणे, त्याला वैयक्तिक साहाय्य पुरविणे, अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून अध्यापनात योग्य ते उपाय योजणे, ही ती कर्तव्ये होत. सवलती, शिष्यवृत्ती वा आरक्षण यांसाठी दाखला लागणे समजण्यासारखे आहे. पण मुलाला पुढच्या बाकावर बसविणे, फळ्यावरचे शब्द मोठ्याने वाचून दाखविणे, लेखी उत्तराऐवजी तोंडी उत्तर घेणे, यांसाठी कोणत्या वैद्यकीय मंडळाची मोहोर हवी?

शिवाय दाखला सहजी मिळतो असेही नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या गावी खेपा घालाव्या लागतात आणि मजुरी करणाऱ्या कुटुंबाची प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाच्या रोजगारावर पाणी. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत तर केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाहणीच मुळी तिसरीत किंवा आठव्या वर्षी सुरू व्हावयाची. शास्त्रीय दृष्टीने ते योग्यही असेल. कारण इतक्या लहान वयात पक्के निदान करणे अवघड असते. पण निदान थांबले म्हणून मदतही थांबली, तर तिसरीत पोहोचेपर्यंत त्या मुलाच्या मनात ‘आपण ढ आहोत’ हे निदान कायमचे कोरले जाते. इंग्लंडमध्ये वॉर्नक समितीने १९७८ मध्ये नेमके हेच सांगितले होते: मुलाला अपंगत्वाच्या कोणत्या रकान्यात बसवावयाचे यापेक्षा त्याची शैक्षणिक गरज काय, हे पाहा. १९८१ मध्ये तेथील कायदा त्या तत्त्वावर बदलला.

लवकर ओळखण्याची यंत्रणा आपल्याकडे नाही असे नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये याच राज्यात, पालघरला झाला. त्यानुसार फिरत्या पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची असते. अंगणवाड्यांतील दिव्यांग मुलांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र कार्यपद्धतीही जाहीर केली. अडचण आहे ती खात्यांच्या भिंतींची. अंगणवाडी एका खात्याची, तपासणी दुसऱ्या खात्याची आणि शाळा तिसऱ्या. अंगणवाडीच्या सेविकेला मुलाविषयी जे ठाऊक असते, ते पहिलीच्या शिक्षकापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर गावपातळीवर स्पष्ट असावयास हवे.

दुसरा प्रश्न मनुष्यबळाचा. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण घालून दिले: प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक. पुरेसे शिक्षक मिळेपर्यंत परिसरातील शाळांमध्ये फिरत्या शिक्षकांची सेवा घ्यावी, अशी तात्पुरती वाटही दाखविली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या विशेष शिक्षकांना त्यामुळे स्थैर्याची वाट मोकळी झाली, हे निश्चित स्वागतार्ह आहे. पण एका केंद्रात साधारण दहाएक शाळा असतात. आज या शाळेत, उद्या त्या शाळेत जाणारा शिक्षक एका मुलाच्या वाट्याला आठवड्यातून किती वेळ येणार? न्यायालयाने जी सोय तात्पुरती म्हणून सुचविली, तीच कायमची व्यवस्था मानून शासन स्वस्थ बसणार असेल, तर ते योग्य नव्हे. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पदे मंजूर करण्याविषयी पुन्हा बजावावे लागले, यातच सारे आले.

येथे सामान्य शिक्षकाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. दोन शिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळणाऱ्या, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणांची कामे उरकणाऱ्या शिक्षकाला ‘सर्वसमावेशक व्हा’ असे परिपत्रक पाठविणे सोपे आहे. त्याला हवे आहे ते प्रशिक्षण आणि विशेष शिक्षकाची नियमित साथ. बालाघाटच्या या टापूत आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. विशेष गरजा असलेले मूल आईबापांबरोबर फडावर गेले, तर गावात सुरू झालेली मदत तेथेच तुटते. मागे आजीपाशी राहिले, तर त्याच्यासाठी शाळेत भांडणारे कोणी उरत नाही.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात, आणि त्यांना नव्या कायद्याची गरज नाही. अंगणवाडी सोडताना प्रत्येक मुलाची विकासनोंद पहिलीच्या शिक्षकाकडे लेखी सुपूर्द व्हावी. पालकाने लेखी अर्ज देताच मुख्याध्यापकाने दाखल्याची वाट न पाहता मुलाची गरज आणि करावयाची सोय नोंदवून घ्यावी, तो विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा आणि त्याची प्रत गटसाधन केंद्राला पाठवावी. विशेष शिक्षकाच्या भेटीचे दिवस शाळेच्या फलकावर लागावेत, म्हणजे पालकालाही विचारता येईल. स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर त्याची नोंदवही जावी. दाखला यथावकाश येईल. पण मुलाचे सातवे वर्ष कोणासाठी थांबत नाही. ज्या शाळेला ते वर्ष वाचविता येते, तीच खऱ्या अर्थाने गावाची शाळा होय.