लाईन म्हणजे नक्की कोणती लाईन?

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पारावर तासभर बसा आणि 'लाईन' हा शब्द किती वेळा ऐकू येतो ते मोजा. लाईन गेली म्हणजे वीज गेली. लाईन फुटली म्हणजे पाण्याचा पाइप फुटला. लाईनीत उभा आहे म्हणजे बँकेत नाहीतर खताच्या दुकानापुढं नंबर लावलाय. सोयरिकीच्या बैठकीत "पोरगा कोणत्या लाईनमधी आहे?" असं विचारलं की उत्तर येतं, सीड्सच्या नाहीतर स्टीलच्या. पोरगा लाईनीला लागला म्हणजे कमावू लागला, आणि लाईन मारतोय म्हणजे अजून लागायचाय!

हा शब्द मूळचा लॅटिन. तिकडं जवसाच्या झाडाच्या धाग्याला 'लिनिया' म्हणायचे. तोच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीसोबत खातो. धाग्यावरून सरळ रेघ, रेघेवरून रांग, तार, रूळ, नळ, सगळं आलं. म्हणजे इंग्रजीतच हा शब्द ओढून ताणून वापरलाय, आपण त्यात अजून भर टाकली एवढंच. त्यामुळं मराठी बुडाली म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. 'रोहित्र जळाले' असं आपल्यात कोण म्हणतंय? डीपी जळाली असंच म्हणणार. (व्हॉट्सॲपचा डीपी वेगळा, तो जळत नाही.)

माझं दुखणं वेगळं आहे. बोलताना समोरच्याला कळतं कोणती लाईन. कागदावर आली की कळत नाही, आणि मग प्रत्येकजण आपल्या सोयीची लाईन धरतो.

ओळखीच्या एका गावातली गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. गावापासून दीड किलोमीटरवर वीस-बावीस घरांची वस्ती. शेतपंपाच्या खांबावरून वायर ओढून कसाबसा बल्ब लावायचे, तोही शेतीची लाईन असेल तेव्हाच. ग्रामसभेत ठराव झाला : 'वस्तीवर लाईन टाकून मिळावी.' बायामाणसांनी हात वर केले, टाळ्या झाल्या. वर्ष-दीड वर्षानं वस्तीवर चर खोदला, पाइप टाकला, वर नळ बसवला. विहीर कोरडी, त्यामुळं नळाला पाणी नाही ते नाहीच. पण विजेसाठी परत विचारायला गेले तर तोच ठराव पुढं सरकवला : तुमचीच मागणी आहे, लाईनचे काम पूर्ण. खोटं कुणी बोललं नाही, तरी दहावीची पोरगी मोबाईलच्या टॉर्चवर अभ्यास करतेय.

भाषणांचंही तसंच. "गावाला चोवीस तास लाईन दिली" असं पुढारी म्हणतो तेव्हा तो गावठाणच्या लाईनबद्दल बोलत असतो. ऐकणाऱ्याच्या डोक्यात शेतीची लाईन असते, जी कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. गव्हाला पाणी द्यायला रात्री दोनला बॅटरी घेऊन साप-विंचवातून जाणाऱ्या माणसानं त्या वाक्यावर टाळी का वाजवावी? दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारनं २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ ला तिचं २.० आलं. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण इथली 'वाहिनी' म्हणजे फीडर, हे किती जणांना सांगितलं? आमच्याकडच्या एका काकांना बरेच दिवस ते टीव्हीचं चॅनल वाटत होतं.

आता सध्याची सगळ्यात मोठी लाईन. ९ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं जालना-जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. १७४ किलोमीटर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठ्याच्या बाजूनं. निजामाच्या काळात मनमाड-हैदराबाद गाडी सुरू झाली तेव्हापासून जालना याच एका मार्गावर आहे, म्हणून आनंद झाला आणि व्हायलाच पाहिजे. पण "लाईन आली" हे वाक्य तेव्हापासूनच गावोगाव फिरतंय. मंजुरी म्हणजे लाईन, मोजणीच्या खुणा म्हणजे लाईन, जमिनीचा मोबदला म्हणजे लाईन, शेवटी रूळ पडले तर तीही लाईनच. एकाच कामाचे चार हार घालून घ्यायची सोय झाली की! ज्याचं दोन एकर जाणार त्याला मात्र यातली नेमकी कोणती आली हे कळलंच पाहिजे.

तेव्हा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बोलताना खुशाल लाईन म्हणा. ठराव लिहिताना मात्र ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या शेजारी बसून पूर्ण लिहून घ्या : वीज की पाणी, घरगुती की शेतीची, कोणत्या खांबापासून कोणत्या घरापर्यंत, आणि कोणत्या महिन्यापर्यंत. सही करायच्या आधी मोठ्यानं वाचायला लावा. त्या वस्तीतल्या बायका या वेळी तेच करणार आहेत. कागद त्यांनी आत्ताच लिहून ठेवलाय, आणि त्यात 'लाईन' हा शब्द एकदाही नाही.