खाण बेकायदा, मग मजूर कुणाचा?

१३ डिसेंबर २०१८ रोजी मेघालयातील पूर्व जैंतिया हिल्स जिल्ह्यात, क्सान गावाजवळच्या एका कोळसा खाणीत अचानक पाणी शिरले. खाण सुमारे ३७० फूट खोल होती आणि जवळून लायतेन नदी वाहत होती. आत पंधरा मजूर अडकले. त्यातले तिघे जवळच्याच लुमथारी गावचे होते. बाकीचे बहुतेक मेघालयातल्याच पश्चिम गारो हिल्समधील राजाबाला भागातले आणि आसाममधले, गरीब मुस्लिम घरांतले तरुण होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदलाचे पाणबुडे, कोल इंडिया, ओडिशाचे अग्निशमन दल असे सगळे तिथे पोहोचले. शोध मार्च २०१९ पर्यंत चालला. हाती लागले फक्त दोन मृतदेह. उरलेले तेरा जण कधीच वर आले नाहीत.

बातमी जुनी आहे, पण तिच्यातला प्रश्न जुना झालेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्याच जिल्ह्यात रिंबाईजवळच्या खाणीत सहा स्थलांतरित मजूर मेले. त्याच वर्षी मे महिन्यात उमप्लेंगच्या खाणीत पाणी भरून पाच जण अडकले. ६ जानेवारी २०२५ रोजी शेजारच्या आसाममधील दिमा हासाओ जिल्ह्यात, उमरांगसोच्या खाणीत नऊ मजूर बुडाले. शेवटचे मृतदेह बाहेर यायला फेब्रुवारी उजाडला. प्रत्येक वेळी एकच वाक्य छापून आले : खाण बेकायदा होती. या वाक्याने चर्चा सुरू व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती तिथेच संपते, आणि माझे म्हणणे त्याबद्दलच आहे.

आधी ही खाण असते कशी ते समजून घेऊ. जैंतियाच्या डोंगरांत कोळशाचे थर पातळ आहेत. काही ठिकाणी फूटभर, तर काही ठिकाणी जेमतेम माणसाच्या उंचीएवढे. मोठी यंत्रे लावून ते काढणे परवडत नाही. म्हणून डोंगरात विहिरीसारखा सरळ खड्डा खणत जातात. शंभर, दोनशे, कधी चारशे फूट. कोळशाचा थर लागला की खड्ड्याच्या तळापासून चारी बाजूंना आडवी बिळे पाडतात. बिळाची उंची दोन-तीन फूट. मजूर डोक्याला बॅटरी बांधून, आडवा होऊन किंवा उकिडवा बसून कुदळीने कोळसा फोडतो, छोट्या हातगाडीत भरतो आणि ती ढकलत खड्ड्यापर्यंत आणतो. तिथून क्रेन कोळसा वर ओढते. बिळाला आधाराचे खांब नाहीत, हवा खेळती ठेवायची सोय नाही, आणि सगळ्यात घातक म्हणजे नकाशा नाही. शेजारी जुनी, सोडून दिलेली, पाण्याने भरलेली खाण आहे की नाही, हे कुणालाच माहीत नसते. एका कुदळीच्या घावाने मधली भिंत फुटली की सगळे संपते. अशा खाणीला रॅट-होल खाण म्हणतात. उंदराचे बीळ!

मजुरी गाडीवर मिळते. जेवढ्या गाड्या भराल तेवढे पैसे, आणि ते शेतमजुरीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणूनच गावागावांतून तरुण येतात. त्यांना गोळा करून आणणाऱ्याला तिथे सरदार म्हणतात. आपल्याकडच्या मुकादमासारखाच. मजुराला सरदार ठाऊक असतो, खाणमालक कित्येकदा ठाऊकही नसतो.

हे सगळे बंद व्हावे म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने १७ एप्रिल २०१४ रोजी मेघालयातील अशा खाणकामावर बंदी घातली. लवादाकडे कोण गेले होते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. ऑल दिमासा स्टुडंट्स युनियनची दिमा हासाओ शाखा. म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला राहणारे आदिवासी विद्यार्थी. जैंतियाच्या कोळशात गंधकाचे प्रमाण जास्त आहे. खाणीतले पाणी गंधकामुळे आम्लयुक्त होते आणि ओढ्यांतून कोपिली नदीत उतरते. त्या पाण्याने मासे मेले, कोपिलीवरच्या जलविद्युत प्रकल्पाची यंत्रेही झिजू लागली. जैंतियातल्या लुखा नदीचे पाणी तर हिवाळ्यात चक्क निळे दिसते. विद्यार्थ्यांची तक्रार या विषारी पाण्याची होती. त्यांच्यामुळे सगळ्या देशाला या डोंगरांकडे बघावे लागले.

बंदी आली, पण तिला एक मोठी खिडकी ठेवलेली होती. आधीच काढून ठेवलेला कोळसा वाहून न्यायला परवानगी होती, आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. जुना कोळसा आणि काल रात्री काढलेला कोळसा ट्रकमध्ये सारखाच दिसतो. सिमेंट कारखाने, वीटभट्ट्या, सीमेपलीकडचा बांगलादेश, गिऱ्हाईक तर होतेच. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी ॲग्नेस खारशिंग आणि अमिता संगमा या दोन कार्यकर्त्या याच जिल्ह्यात बेकायदा कोळशाचा माग काढत असताना जमावाने त्यांच्यावर जीवघेणा हल्ला केला. क्सानची दुर्घटना त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी घडली. सांगायचा मुद्दा हा की काय चालले आहे ते कुणापासूनच लपलेले नव्हते.

३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सहाव्या अनुसूचीच्या क्षेत्रात जमीन आणि तिच्या पोटातला कोळसा मालकाचा असला, तरी देशाचे खाण कायदे तिथेही लागू आहेत. परवाना आणि मंजूर आराखड्याशिवाय खाणकाम करता येणार नाही. राज्याला ठोठावलेले १०० कोटी रुपये पर्यावरण दुरुस्तीसाठी भरायचे आदेशही झाले. पुढे २०२२ मध्ये मेघालय उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती बी. पी. काटके यांची समिती नेमली. तिच्या अहवालांतूनही बेकायदा उपसा चालू असल्याचेच पुन्हा पुन्हा समोर आले.

इथे स्थानिकांची बाजूही ऐकायला हवी. तिथली जमीन सरकारची नाही. कुळांची आहे, माणसांची आहे. बाहेरच्यांनी येऊन लुटू नये म्हणूनच सहावी अनुसूची आहे. बंदीने मोठ्या कोळसामालकांबरोबर छोट्या जमीनदाराचे, ट्रकचालकाचे, ढाबेवाल्याचेही पोट मारले. कायदेशीर पट्ट्यासाठी लागणारा पैसा आणि कागद लहान माणसाकडे नसतो, ही तक्रार खोटी नाही. पण या सगळ्या वादात मालकाचा हक्क, राज्याचा महसूल आणि नदीचे आरोग्य या तिघांना वकील मिळाला. बिळात उतरणाऱ्याला मिळाला नाही.

बेकायदा हा शब्द चिकटतो खाणीला, पण कोसळतो मजुरावर. परवाना असलेल्या खाणीत हजेरीपट असतो, किती माणसे खाली गेली याची नोंद असते, तपासणीला अधिकारी येतात, नकाशा असतो. बेकायदा खाणीत यातले काहीच नसते, आणि नेमक्या त्या कारणाने अपघात झाला की पहिला प्रश्न पडतो : आत नक्की किती जण होते? बंदी कागदावर आणि खाण डोंगरात चालू, ही अवस्था मालकाला सोयीची आणि मजुराला सगळ्यात वाईट. खाण उघड असती तर नियम लागले असते. खरोखर बंद असती तर तो जिवंत राहिला असता.

क्सानच्या बचावकार्यात हे ढळढळीत दिसले. सुरुवातीला आणलेल्या पंपांनी पाण्याची पातळी हलेना, म्हणून उपसाच थांबवावा लागला. मोठ्या ताकदीचे पंप हवेत हे कळत होते, पण ते आणि नौदलाचे पाणबुडे पोहोचेपर्यंत दोन आठवडे उलटले. त्याच वर्षी जुलैमध्ये थायलंडच्या गुहेत अडकलेली मुले वाचवायला आपल्या महाराष्ट्रातल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञ मदतीला गेले होते. क्सानलाही त्याच कंपनीचे पंप गेले, पण फार उशिरा. तंत्र देशात होते, पंप देशात होते. घाई नव्हती.

आणि मृतदेहच मिळाला नाही तर मागच्यांनी काय करायचे? दफन नाही, कबर नाही. बायकोने इद्दत कोणत्या दिवसापासून मोजायची? बेपत्ता माणसाला मृत मानायला कायदा साधारणपणे सात वर्षे थांबायला सांगतो. तोवर मृत्यूचा दाखला, वारसा, भरपाई, मुलांच्या शाळेचे कागद, सगळे अडू शकते. ज्याचे नाव जिवंतपणी कुठल्या हजेरीपटावर नव्हते, त्याचा मृत्यू सिद्ध करायची जबाबदारी त्याच्या अडाणी आईबापांवर येते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त टोचते ते हे.

आता नोव्हेंबर २०२३ आठवा. उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार सतरा दिवस अडकले होते. परदेशी बनावटीचे यंत्र ढिगाऱ्यात मोडले. शेवटचे काही मीटर बारा रॅट-होल मजुरांनी हातांनी खणले. दिल्लीत पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी अशीच बिळे पाडणारे हे लोक. वकील हसन, मुन्ना कुरेशी, फिरोज कुरेशी ही नावे देशभर गाजली. आपल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर ते फोटो आले आणि आपणही अभिमानाने पुढे पाठवले. तीन महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, दिल्ली विकास प्राधिकरणाने अतिक्रमण म्हणून वकील हसन यांचे घर पाडले. ज्या हातांची देशाने पूजा केली, त्या हातांना राहायला कायदेशीर छप्पर नव्हते. क्सानचा मजूर आणि सिलक्याराचा मजूर यांत फरक एवढाच, की एकाच्या कौशल्याची गरज सरकारला पडली आणि दुसऱ्याची पडली नाही.

मित्रांनो, मैत्रिणींनो, इथे आपल्या दोन सवयींबद्दल बोलणे भाग आहे.

पहिली सवय, मेलेल्यांच्या यादीत आपली नावे शोधण्याची. क्सानच्या यादीत मुस्लिम नावे जास्त होती, हे खरे. त्यांना परके समजले गेले म्हणून त्यांच्यासाठी आवाज उठला नाही, हेही बऱ्याच अंशी खरे. बंगाली बोलणारा गरीब मुसलमान दिसला की त्याला घुसखोर म्हणायचे, हे तिथेही चालते आणि आता मुंबई-पुण्यातही चालते. पण त्याच खड्ड्यात लुमथारीचे तिघे जैंतिया तरुण होते. या प्रकरणाला वाचा फोडली ती दिमासा विद्यार्थ्यांनी. जिवावर उदार होऊन पुरावे गोळा केले ते खासी आणि गारो स्त्रियांनी. आपली लढाई यांच्यापासून वेगळी काढली, तर ती कमजोर होईल आणि खोटीही होईल.

दुसरी सवय अधिक अवघड आहे. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. जुम्याच्या खुतब्यात ती ऐकताना आपण नेहमी स्वतःला मजुराच्या जागी ठेवतो. पण मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद, पुण्यात बांधकामाचे, सेंटरिंगचे, भंगाराचे, यंत्रमागाचे ठेके घेणारे आपल्यातही आहेत. त्यांच्या हाताखाली झारखंडचे, बंगालचे, आसामचे पोर राबते. त्याचे नाव वहीत असते का? त्याच्या घरचा फोन नंबर कुणाकडे असतो का? तो पाचव्या मजल्यावरून पडला तर त्याच्या आईला कळवणार कोण? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराचा परवाना, मजुरांची नोंद, पासबुक अशी तरतूद केली गेली होती. किती ठेक्यांवर आपण तिचा मागमूस पाहिला? नोंद नसलेला मजूर हा फक्त मेघालयाचा प्रश्न नाही.

फर्ज-ए-किफाया म्हणजे काय, हे आपण जाणतो. समाजातल्या काही जणांनी ते पार पाडले तर सगळ्यांची जबाबदारी सुटते. कुणीच केले नाही तर सगळेच गुन्हेगार. जनाजाची नमाज हे त्याचे नेहमीचे उदाहरण. माझ्या मते मजुराच्या जिवंतपणी त्याचे नाव कुठेतरी लिहून ठेवणे हेही त्याच रांगेतले काम आहे.

ते करता येते. आपल्या मोहल्ल्यात, मशिदीजवळच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांची ई-श्रम नोंदणी करायला एक मोबाइल आणि दोन रविवार पुरतात. नाव, गाव, घरचा नंबर आणि ठेकेदाराचे नाव असलेली साधी वही मोहल्ला कमिटी ठेवू शकते, मात्र ती मजुराच्या संमतीने आणि फक्त त्याच्या भल्यासाठी. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनी कामगार भरपाईचा दावा कसा भरायचा ते शिकावे. बांधकामावर, यंत्रावर मेलेल्या मजुराच्या घरच्यांना भरपाई मागता येते, आणि ती बहुतेकदा मागितलीच जात नाही. पत्रकारितेतल्या तरुणांनी दर वेळी 'खाण बेकायदा होती' या वाक्यापुढे एक प्रश्न जोडावा : मग तिच्यातून निघालेला कोळसा विकत कुणी घेतला?

क्साननंतर मेघालय सरकारने अडकलेल्यांच्या कुटुंबांना एकेक लाख रुपयांची अंतरिम मदत जाहीर केली. बंदी असताना ती खाण कुणाच्या डोळ्यांदेखत चालत होती, याचा जाब मात्र त्या रकमेत बसत नाही. तो जाब मेघालयातले लोक विचारत आहेत. आपण त्यांच्या बाजूने विचारावा, आणि तोच जाब आपल्या गल्लीतल्या ठेकेदारालाही विचारावा, मग तो आपला नातलग का असेना.