पोटात जागा बदलणारी गाठ: रिपोर्ट आला, आता ऑपरेशन करायचे का?

उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा, गुळगुळीत गोळा कुणाच्या तरी पोटातून काढल्याचा फोटो अधूनमधून मोबाईलवर फिरतो. कुणी म्हणतो कॅन्सर, कुणी म्हणतो करणी. या गोळ्याचे वैद्यकीय नाव पेरिटोनियल लूज बॉडी, म्हणजे उदरपोकळीत कशालाही न चिकटता मोकळी राहिलेली गाठ. ती दुर्मिळ आहे आणि बहुतेकांना तिचा काहीच त्रास होत नाही. पूर्वी दुसऱ्या कारणासाठी पोट उघडल्यावर किंवा शवविच्छेदनात ती अचानक सापडे. आता सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन सहज होतात, त्यामुळे मुतखड्यासाठी किंवा पाठदुखीसाठी केलेल्या तपासणीतही ती दिसून येते. मग रिपोर्टमध्ये 'ओटीपोटात कॅल्शियमयुक्त गाठ, ट्यूमरची शक्यता नाकारता येत नाही' अशा अर्थाचे वाक्य येते आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडते.

ही गाठ बाहेरून आलेली नसते. मोठ्या आतड्याच्या बाहेरच्या बाजूला चरबीचे लहान लहान झुबके लोंबत असतात. एका माणसात ते साधारण ५० ते १०० असतात. त्यातल्या एखाद्याला देठाशी पीळ पडला तर त्याचा रक्तपुरवठा थांबतो. त्या वेळी काही दिवस पोट दुखू शकते, पण अनेकांना ते आठवतही नाही. मेलेल्या चरबीत हळूहळू कॅल्शियम साठते, देठ झिजतो आणि झुबका सुटून पोकळीत पडतो. पुढे वर्षानुवर्षे त्यावर पोटातल्या द्रवातील प्रथिनांचे थर चढत जातात. म्हणून कापल्यावर आत पिवळसर बलक आणि बाहेर पांढरा भाग, असे अंड्यासारखे दिसते. बहुतेक गाठी वाटाण्यापासून लिंबापर्यंतच्या, ५ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या क्वचितच. पन्नाशी-साठीतील पुरुषांमध्ये त्या जास्त आढळल्या आहेत.

निदानाची खरी खूण म्हणजे तिचे हलणे. सीटी स्कॅनमध्ये रेखीव कडांची गोल गाठ, मध्यभागी कॅल्शियम, आणि शिरेतून औषध दिल्यावरही ती उजळत नाही, कारण तिला रक्तवाहिन्याच नसतात. एवढे दिसले की संशय बळावतो. पण तीच गाठ दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये मूत्राशयाच्या उजवीकडे आणि आज डावीकडे असेल, तर निदान जवळजवळ पक्के. जुना स्कॅन नसेल तर रुग्णाला पालथे झोपवून काही छेद पुन्हा घेता येतात. इथेच आपल्याकडे गाडी अडते. रिपोर्टचा कागद फाइलमध्ये असतो, पण फिल्म किंवा सीडी हरवलेली असते, आणि नवीन सेंटरला जुन्या तपासणीचे कुणी सांगतच नाही. महागड्या पुढच्या तपासणीपेक्षा कपाटातली जुनी सीडी अनेकदा जास्त उपयोगाची ठरते.

मात्र पोटातली कॅल्शियम असलेली प्रत्येक गाठ निरुपद्रवी नसते. क्षयरोगाने कडक झालेली लसिकाग्रंथी, गर्भाशयाची देठाची फायब्रॉइड, अंडाशयाची डरमॉइड गाठ, पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये पोटात सांडलेला खडा, आतड्याचा ट्यूमर, अशी यादी मोठी आहे. स्त्रियांमध्ये अंडाशयाकडे नीट पाहिल्याशिवाय 'मोकळी गाठ आहे, सोडून द्या' असे म्हणू नये. गाठ चिकटलेली असेल, वेगाने वाढत असेल, औषधाने उजळत असेल किंवा पोटात पाणी असेल तर विचार बदलावा लागतो. सुईने तुकडा घेण्याचा आग्रह मात्र धरू नका. खरी लूज बॉडी कठीण असते आणि सुईखाली सरकते. शिवाय अंडाशयाचा कॅन्सर असल्यास सुईमुळे पेशी पसरण्याची भीती असते.

आता मूळ प्रश्न. गाठ लहान आहे, त्रास नाही आणि स्कॅनमधले चित्र नमुनेदार आहे, तर माझ्या मते ऑपरेशन नको. काही महिन्यांनी सोनोग्राफी करून आकार बघावा, तेवढे पुरते. 'काढून टाकली म्हणजे डोक्याचा ताप गेला' हे नातेवाइकांचे म्हणणे समजते, पण भूल आणि शस्त्रक्रियेचा धोका कमी असला तरी शून्य नाही. गाठ मोठी असेल, लघवीला वारंवार जावे लागत असेल, बद्धकोष्ठता किंवा दुखणे सुरू झाले असेल, किंवा निदानाबद्दल शंका उरत असेल, तर दुर्बिणीने ती काढतात. ती कशालाच जोडलेली नसल्याने काम सहसा सोपे असते. गंमत म्हणजे टेबलावर डोक्याकडची बाजू खाली केली की ओटीपोटातली गाठ वर घरंगळते आणि सर्जनला ती शोधावी लागते. सापडल्यावर पिशवीत घालून एक छिद्र थोडे मोठे करून बाहेर काढतात. कडक असल्याने आतच तुकडे करणे कठीण, म्हणून मोठ्या गाठीला थोडा मोठा छेद लागतो. काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला पाठवली आहे ना, हे जरूर विचारा.

निरीक्षणावर असताना पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, शौच व वायू सरणे थांबले किंवा लघवी अडकली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. अशी गाठ क्वचित आतडे किंवा मूत्रमार्ग दाबते. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि सगळे जुने स्कॅन बरोबर न्या.