संवाद ऐकू येतात ना?
मैत्रिणींनो, टीव्ही, कॉम्प्युटर आणि मुलांचा व्हिडिओ गेम, तिन्हींचा आवाज ५.१ स्पीकरमधून हवा, पण तारांचा गुंता नको? सोपं आहे. आधी सगळी बटणं बंद करा. कॉम्प्युटर नि गेम एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टमधून एकच केबल रिसीव्हरच्या ‘एआरसी’ पोर्टमध्ये घाला. मग टीव्ही सुरू करून सेटिंगमध्ये आवाज बाहेरच्या स्पीकरवर वळवा.

आणि हो, सासूबाईंना नीट ऐकू येत नसेल, तर सगळाच आवाज वाढवू नका. संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. रिसीव्हरवर तेवढाच वाढवा. ‘काय म्हणाली गं ती?’ विचारायचा संकोच वाटून त्या आत जाऊन पडत असतील, तर पुन्हा तुमच्याजवळ येऊन बसतील.