"नुसती सही कर"

केंद्रात येणारी एक मैत्रीण परवा हिरमुसून आली. नवरा घर सोडून गेल्याला चार वर्षं झाली. आता तिला पाळणाघरात काम मिळालं. पगार बँकेत जमा होणार. खातं उघडायला गेली, तर साहेबांनी संगणकात पाहून सांगितलं, "बाई, तुमच्या नावावर थकबाकी दिसते. खातं मिळणार नाही."

थकबाकी नवऱ्याच्या रिक्षाच्या कर्जाची, दुसऱ्या बँकेतली. "नुसती सही कर" म्हणत त्याने हिला जामीन ठेवलं होतं. रिक्षा त्याने विकली, पैसे त्याने उडवले. नाव मात्र हिचंही खराब झालं.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सही घेताना हे तिला कुणी सांगितलं होतं? जामिनाला बायको चालते, वसुलीला बायको सापडते आणि खातं मागायला आली की तीच बायको नकोशी होते!

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. म्हटलं, ही कर्ज मागत नाही. स्वतःच्या कष्टाचे पैसे ठेवायला जागा मागते आहे. किमान शिल्लकेची अट नसलेलं साधं बचत खातं सर्वांना उपलब्ध ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना सांगितलंय. त्याला ओळखीचे कागद लागतात, नवऱ्याच्या वागणुकीचा दाखला नाही. तरीही नकारच असेल, तर कारणासह लेखी द्या. लेखी म्हटल्यावर साहेबांनी मुकाट्याने फॉर्म काढला.

मैत्रिणींनो, ती एकटी गेली तेव्हा नियम हेच होते. म्हणून गटाच्या बैठकीत हे बोलायला हवं. पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो. तो मागवा, आपण कुठे कुठे जामीन आहोत ते कळेल. ज्या बँकेची थकबाकी आहे तिथेच पगार जमा करू नका. तो कर्जापोटी वळता होण्याचा धोका असतो. लेखी तक्रारीला बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

आणि पुन्हा कुणी "नुसती सही कर" म्हणालं, तर आधी कागद वाचून दाखवायला सांगा. सही कधीच नुसती नसते.