गावचा मान की गावची वेठ?

चैत्र जवळ आला की खेड्यापाड्यांतील बौद्ध कुटुंबे आमच्याकडे सल्ल्यास येतात, व त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "वकीलसाहेब, देव सोडले, पण गाव कसे सोडावयाचे?" प्रश्न साधा नाही. एकीकडे वाडी रत्नागिरीच्या जोतिबाची यात्रा, सासनकाठ्या, गावोगावच्या जत्रा. दुसरीकडे त्याच सुमारास १४ एप्रिल. वर्षभर एकाच बांधावर राबणारी माणसे या दिवसांत एकमेकांकडे साशंक नजरेने पाहू लागतात.

आपल्याकडील सण केवळ देवाचा नसतो, तो गावरचनेचाही असतो. पालखीस खांदा कोणी द्यावा, पहिला नैवेद्य कोणाचा, हलगी कोणी वाजवावी, दवंडी कोणी द्यावी, जत्रा उठल्यावर घाण कोणी काढावी, हे सारे जन्माने ठरलेले. आणि ज्याच्या वाट्यास घाण आली, त्यालाही 'हा तुमचा मान आहे' असे सांगण्याची चतुराई गावकीने पिढ्यान् पिढ्या दाखविली. आमची कसोटी वकिली आहे. जो नाकारला असता कोणी दंड करीत नाही, तो मान. जो नाकारताच पाणी, किराणा आणि मजुरी बंद होते, ती वेठ.

या कसोटीस कोल्हापुरात जुना आधार आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या. जमीन राहिली, तिच्यापोटी करावी लागणारी चाकरी गेली. मुंबई राज्यात त्यासाठी १९५८ चा कायदा व्हावा लागला. संपलेली ती चाकरी जत्रेच्या निमित्ताने चार दिवस परत मागण्याचा अधिकार आज कोणासही नाही. घटनेचे २३ वे कलम वेठबिगारीस मनाई करते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरला आहे. 'तुम्ही बौद्ध झालात, आता तो कायदा तुम्हांस लागू नाही' असे कोणी दरडावून सांगितल्यास विश्वास ठेवू नका. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा समावेश १९९० सालीच त्या सूचीत झाला आहे. मात्र तोंडी तक्रारीवर थांबू नये. तारीख, स्थळ व साक्षीदार यांसह लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि एकट्यादुकट्याने न जाता वस्तीने मिळून जावे. वर्गणीचेही तेच. वर्गणी ही देणगी आहे, पट्टी नव्हे.

परंतु नकारातही विवेक हवा. बेंदराच्या दिवशी बैल धुवून, शिंगे रंगवून त्यास गोड घास देणारा शेतकरी कोणत्या देवाची पूजा करतो? तो आपल्या कष्टाच्या सोबत्याचे ऋण फेडतो. ती हौस बौद्ध शेतकऱ्याने का सोडावी, हे आम्हांस उमगत नाही. दसऱ्यास शेजारी आपट्याचे पान घेऊन दारी आला, तर ते घ्यावे, त्यास चहा द्यावा, आणि १९५६ च्या दसऱ्यास नागपुरात काय घडले ते सांगावे. (आपट्याची झाडे मात्र सर्वांनीच जरा शिल्लक ठेवावीत!) घरातील वृद्ध सासूच्या हातून देव्हाऱ्यातील टाक हिसकावून घेणारे काही उत्साही तरुण आम्ही पाहिले आहेत. बावीस प्रतिज्ञा स्वतः घ्यावयाच्या असतात, दुसऱ्याच्या हातून वदवून घ्यावयाच्या नसतात.

जुने सण गेल्यावर घर सुने वाटते, अशी तक्रार आमच्या भगिनी करतात. ती खरी आहे, व तिची टर उडविणाऱ्यांनी कधी सणाचा स्वयंपाक केलेला नसतो. पण नवा सण निर्माण करण्याची वाट याच जिल्ह्यात दाखविली गेली आहे. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावच्या परिषदेत, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली, शाहू महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा असा ठराव झाला. जातीने लादलेला नव्हे, सभेने विचारपूर्वक ठरविलेला असा तो सण! २६ जूनला सरकारी कचेऱ्यांत सामाजिक न्याय दिन होतो, तसबिरीस हार पडतो आणि लोक पांगतात. आपल्या घरांत त्या दिवशी पुरणपोळी व्हावी, मुलांना नवे कपडे मिळावेत, आणि शेजारच्या मराठा घरासही आवर्जून बोलावणे जावे. त्यांना नाही म्हणण्यास जागा नाही. महाराज त्यांचेही आहेत.